बॅकअप घेतला म्हणे! कट केला की कॉपी?

धुऱ्यावरचा (ता. आर्णी) | ६ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय तुम्ही लोक उत्तर देत नाही हे माहीत आहे. म्हणून थोडं लांबण लावतो.

माझा लॅपटॉप २०१४ चा. पाचशे जीबीची डिस्क, आणि डी ड्राइव्हची पट्टी दिवाळीच्या आधीच लाल झाली होती. कापसाचे पहिले पैसे हातात आले तसा यवतमाळहून एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन आलो. घरी आल्याबरोबर सगळं तिच्यात टाकलं. २०११ पासूनचे शेतीचे हिशेब, पोरांचे बारशापासूनचे फोटो, खरेदीखतांचे स्कॅन, शे-सव्वाशे पिक्चर. आणि बाबांच्या खंजिरी भजनांच्या बारा कॅसेटी, ज्या मी २०१६ मध्ये टेपरेकॉर्डरला वायर लावून एकेक करून एमपीथ्री केल्या होत्या. लॅपटॉप मोकळा झाला, पळायला लागला. बायकोला छातीठोक सांगितलं, बॅकअप घेतला म्हणून.

परवा संध्याकाळी डिस्क लॅपटॉपला लावलेली, दोन्ही खाटेवर. कोठ्यातून वासरू सुटलं म्हणून ताडकन उठलो, पायात वायर अडकली आणि डिस्क फरशीवर. दीड फूटसुद्धा उंची नसेल. आता लावली की दिसते, फोल्डर उघडतात, पण 'फोटो २०१९' उघडायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि मधूनच टक्-टक् आवाज येतो.

तर प्रश्न असा की नवी डिस्क कोणती घ्यावी, आणि बॅकअपसाठी सॉफ्टवेअर कोणतं चांगलं? विंडोज दहा आहे.

सेतूवाला (उमरखेड) | ६ एप्रिल, रात्री ९.५८

भाऊ, आधी एक सांगा. दिवाळीत डिस्कमध्ये टाकलं म्हणता, ते कट करून की कॉपी करून?

धुऱ्यावरचा | ६ एप्रिल, रात्री १०.०३

कट. म्हणून तर लॅपटॉप मोकळा झाला ना.

सेतूवाला | ६ एप्रिल, रात्री १०.१५

मग राजेहो, तुमचा बॅकअप झालाच कुठं? सामान या घरातून उचललं आणि त्या घरात नेऊन ठेवलं, एवढंच झालं. आधीही एकच नग होता, आताही एकच आहे, फक्त आता तो खाटेवरून पडू शकतो. माझ्या केंद्रात महिन्याला एक तरी माणूस हीच गोष्ट घेऊन येतो. चेहरा पाहूनच मी विचारतो, कट की कॉपी?

सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर मागून पाहू. आत्ता डिस्क काढून ठेवा. आवाज ऐकायसाठी पुन्हा पुन्हा लावून पाहू नका.

टर्मिनल_बावा (मूळ हिंगणघाट, सध्या पुणे) | ६ एप्रिल, रात्री १०.४१

सेतूवाल्यांशी सहमत. थोडं आतलं सांगतो, म्हणजे घाई का करू नये ते कळेल. त्या डबीत चकत्या असतात, मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेतात. वर वाचणारं टोक चकतीला टेकत नाही, केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगत असतं. चालू असताना पडली म्हणजे ते टोक चकतीवर आपटलं असणार. बंद असताना पडली असती तर बहुतेक वेळा काही झालं नसतं, कारण तेव्हा टोक बाजूला उभं करून ठेवलेलं असतं.

टक्-टक् येते तो डिस्कचा 'वाचता येत नाही, परत बघतो' म्हणण्याचा आवाज. दर वेळी लावली की तेवढी घासते. म्हणून आता तिच्याकडून मोजकीच वाचनं मिळतील असं धरून चला.

१. सीएचकेडीएसके (विंडोजची डिस्क दुरुस्त करायची आज्ञा) चालवू नका. विंडोज 'ड्राइव्हमध्ये अडचण आहे, दुरुस्त करू का' विचारेल, नाही म्हणा. ते दुरुस्त करताना डिस्कवर लिहितं, आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं.

२. नव्या डिस्कची वाट पाहू नका. लॅपटॉप मोकळा आहे म्हणता ना? मग आधी तिथंच उतरवा.

३. सगळं एकदम सिलेक्ट करून ओढू नका. जे परत कुठंच मिळणार नाही ते पहिलं. अडकणारं फोल्डर सर्वांत शेवटी.

४. एखादी फाइल अडकली तर स्किप करून पुढं जा.

लिनक्सवर डीडीरेस्क्यू म्हणून एक साधन आहे. ते आधी सोपे भाग उचलतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. पण ते जमलं नाही तर वरच्या पद्धतीनंही बरंच निघेल.

पोट्टा_नं_१ | ६ एप्रिल, रात्री ११.०२

फ्रीजमध्ये ठेवा ना रातभर. यूट्यूबवर पायलं म्या.

टर्मिनल_बावा | ६ एप्रिल, रात्री ११.०९

अबे नाही! बाहेर काढली की आत दव धरेल आणि चकतीवर पाणी बसेल. आहे तेही जाईल.

मास्तरीणबाई (जि. वर्धा) | ७ एप्रिल, सकाळी ६.५०

'परत मिळणार नाही ते पहिलं' ही गोष्ट फार मोलाची आहे, लोक इथंच चुकतात. दादा, सातबारा आणि फेरफार पहिल्यांदा काढत बसू नका. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत परत निघतो. आधार, दहावी-बारावीच्या मार्कशीटही पुन्हा मिळण्यासारख्या आहेत. खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधकाकडून निघते, हेलपाटे पडतील पण निघते. पिक्चरचं तर विचारूच नका. बाबांची भजनं मात्र कोणत्याच कार्यालयात मिळायची नाहीत. मूळ कॅसेटी आहेत का अजून?

धुऱ्यावरचा | ७ एप्रिल, दुपारी १.१५

कॅसेटी नाहीत ताई. माळ्यावर खोक्यात होत्या, २०२१ च्या पावसाळ्यात उधई लागली. फितीवर पांढरी बुरशी आली होती ती वेगळीच. तेव्हा म्हटलं, जाऊ द्या, कॉम्प्युटरमध्ये आहेत ना.

आता हिशेब ऐका, मलाच हसू आलं. डिस्कवर एकूण ३१० जीबी. त्यात पिक्चर आणि सिरीयली १९० जीबी. फोटो आणि मोबाइलचे व्हिडिओ ११५. बारा तासांची भजनं जेमतेम पावणेसातशे एमबी. पंधरा वर्षांचे शेतीचे हिशेब ४० एमबीसुद्धा भरत नाहीत. ज्याच्यासाठी जीव खालीवर होत होता ते सगळं आठ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावलं असतं, आणि मी एक टीबीचा पत्ता शोधत यवतमाळला गेलो.

आज पहाटे भजनं आणि हिशेब उतरवले. भजनांना चाळीस मिनिटं लागली, दोन वेळा अडकलं. बाकीचं उद्या.

संत्रीबाग (वरूड) | ७ एप्रिल, दुपारी २.३०

माझंही सांगून टाकतो, कारण लाज वाटून उपयोग नाही. मी दहा वर्षं 'बॅकअप' डी ड्राइव्हवर ठेवत होतो. सी मध्ये मूळ, डी मध्ये नक्कल. एकदम शिस्तीत, तारखेवार फोल्डर. मग एका उन्हाळ्यात आमच्या डीपीवर वीज पडली आणि कॉम्प्युटरची डिस्क गेली. तेव्हा दुरुस्तीवाल्या पोरानं सांगितलं, काका, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. एकाच वावरात मधात धुरा घातला म्हणून दोन वावरं होत नाहीत. गारपीट आली तर दोन्हीकडे येते.

बागेचे आठ वर्षांचे फवारणीचे रेकॉर्ड गेले. व्यापाऱ्यानं काही म्हटलं नाही, पण मला अजून चुटपुट आहे.

सेतूवाला | ७ एप्रिल, दुपारी ३.०५

धुऱ्याचं उदाहरण मी आता गिऱ्हाईकांना सांगणार. कॉम्प्युटर विकणारे पार्टिशन करून देताना म्हणतात ना, 'डी मध्ये ठेवा, फॉरमॅट मारला तरी जात नाही', तिथून हा गैरसमज पसरला. विंडोज नव्यानं टाकताना डी राहतो हे खरं. डिस्कच गेली तर काय उरणार?

कॅमेरावाला_दर्यापूर | ७ एप्रिल, रात्री १०.२०

लग्नसराईत आहे, उशिरा वाचलं. आमचा धंदाच यावर चालतो म्हणून आमची पद्धत सांगतो. घरच्या माणसाला एवढी लागणार नाही, पण अर्धी घेतली तरी पुरे.

मंडपातून रात्री दोनला आलो तरी झोपायच्या आधी कार्ड कॉम्प्युटरवर उतरतं, आणि लगेच डिस्क अ वर. दोन जागी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, दुसऱ्या दिवशी हळद असली तरी. नवं कार्ड लावायचं. डिस्क ब घरी असते, दुकानात नाही. दर सोमवारी बाजाराच्या दिवशी अ घरी जाते आणि ब दुकानात येते. दुकानाला आग लागली, चोरी झाली, नाल्याचं पाणी शिरलं, तरी फार तर आठवड्याचं काम जाईल.

याला बाहेर ३-२-१ म्हणतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. छायाचित्रकारांमधूनच हा नियम पसरला, म्हणून आम्ही थोडे टेचात सांगतो.

ही सवय कशी लागली ते लिहायचं जिवावर येतं. २०१७ मध्ये एका लग्नाची विदाई गेली, पूर्ण. पोरीचे वडील तीन महिन्यांनी वारले. ते दुकानात काही बोलले नव्हते, नुसते बसून राहिले होते.

दोन गोष्टी आपल्याकडच्या हवेच्या. माझ्या डिस्कसोबतच्या कागदावर चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलं आहे. वैशाखात आमच्याकडे ३५ सकाळीच ओलांडतं! म्हणून मोठी कॉपी पहाटे लावा, डिस्क उशीवर-गादीवर ठेवू नका, टेबलावर उघडी ठेवा. आणि थंड राहावी म्हणून कूलरच्या तोंडाशी ठेवणारे पाहिले आहेत. ती हवा पाण्याची असते रे बाबांनो.

पोट्टा_नं_१ | ७ एप्रिल, रात्री १०.४४

एवढा झांगडगुत्ता कायले? गूगल ड्राइव्हवर टाका न् मोकळे व्हा.

धुऱ्यावरचा | ८ एप्रिल, सकाळी ७.१०

आमच्या गावात गूगल ड्राइव्ह म्हणजे पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून बसणं. घरात एक दांडी. रात्री बारानंतर अपलोडला दोन एमबीपीएस मिळालं तर पेढे वाटावे.

टर्मिनल_बावा | ८ एप्रिल, सकाळी ८.००

दोन एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नाही. त्या वेगानं २०० जीबी चढवायला अखंड सव्वानऊ दिवस लागतील. लाइन न जाता, टॉवर न जाता. शिवाय फुकट जागा १५ जीबी, आणि त्यातच मेल, फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप सगळं मोजतात. गूगल फोटोची फुकट अमर्याद सोय १ जून २०२१ ला संपली.

पण पोट्ट्याचं अगदीच टाकाऊ नाही बरं. ७०० एमबी भजनं आणि ४० एमबी हिशेब ढगात सहज जातात. गावाबाहेरची प्रत म्हणून याहून स्वस्त काय? फक्त लक्षात ठेवा, कॉम्प्युटरशी जोडलेलं फोल्डर असेल तर इथं डिलीट केलं की तिथंही डिलीट होतं. तिथल्या कचरापेटीत ते तीस दिवस राहतं. त्यामुळे अशा सिंकला एकट्यालाच बॅकअप समजू नका. हाती अपलोड केलेली वेगळी प्रत बरी.

मास्तरीणबाई | ८ एप्रिल, सायंकाळी ५.३०

सिंकवरून आठवलं. आमच्या शाळेतल्या एका सरांनी नवा लॅपटॉप घेतला आणि पूर्ण डेस्कटॉप पेनड्राइव्हवर कॉपी करायला लावला. कॉपी हलेचना. पाहिलं तर प्रत्येक फाइलवर छोटा निळा ढग. मायक्रोसॉफ्टच्या ढगानं, वनड्राइव्हनं, परस्पर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट आपल्याकडे ओढले होते, लॅपटॉपवर नुसती नावं होती. तिथं फुकट जागा पाच जीबीच. ढगाचं चिन्ह दिसलं तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'नेहमी या डिव्हाइसवर ठेवा' करा, सगळ्यांवर हिरवी खूण येऊ द्या, मगच कॉपी लावा.

आता माझा हक्काचा विषय. मराठी फॉन्ट! २०१० च्या आधीच्या माझ्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची नाटकं, गॅदरिंगच्या सूचना, सगळं कृतिदेवमध्ये टाइप केलेलं. मी शिस्तीत बॅकअप घेतला, फाइली शाबूत, उघडतातही. पण नव्या कॉम्प्युटरवर कृतिदेव नव्हता, तर 'वार्षिक परीक्षा'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ! श्रीलिपीचंही तेच. तेव्हा जुनं मराठी लिखाण असेल तर फॉन्टची फाइलही त्याच डिस्कवर ठेवा, आणि प्रत्येकाची पीडीएफ करून ठेवा. वेळ असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास नाचतात, म्हणून नजरेखालून घालावं लागतं. मी मेच्या सुट्टीत दिवसाला चार पानं करते.

सेतूवाला | ८ एप्रिल, रात्री ८.१५

ताई, तलाठी ऑफिसबाहेरच्या टायपिंगवाल्यांची अर्धी जिंदगी कृतिदेवमध्ये अडकली आहे. तुमची पोस्ट छापून लावतो.

झाडीचा_मानूस (देसाईगंज) | ८ एप्रिल, रात्री ११.३०

मी आतापावतर चूप होतो जी. नाटकाचा सीझन आत्ता संपला. आमच्या वडसा भागात दिवारी झाली का होळीपावतर रोज कुठं ना कुठं नाटक असते, मी साउंडवर बसतो. आठ सालाचे संगीताचे ट्रॅक, गाने, पार्श्वसंगीत, सगळा माझ्याजवर.

मले एकानं रोबोकॉपी शिकवला, काळ्या पडद्यावर टाइप करून फाइली कॉपी कराचा. विंडोजमध्येच असते, येगळा टाकावा लागत नाही. एकदम तेज. त्यात स्लॅश एमआयआर म्हनून एक आहे, मिरर. म्हंजे इकडे जसा आहे तसाच तिकडे करते. मी नवी कोरी डिस्क लावली, न् रात्रीच्या झोपेत पहिला नाव नव्या डिस्कचा टाकला, दुसरा जुन्याचा. उलटा! कोऱ्या डिस्कवर तं काहीच नव्हता ना गा. त्यानं जुन्यावर पन काहीच ठेवला नाही. दोन मिनिटात सप्पा साफ. मी वाटलं किती लवकर झाला.

फोटोरेक (पुसलेल्या फाइली शोधून काढते) टाकून बरेच ट्रॅक निघाले, पन नाव एकाचाही नाही. चार हजार फाइली, सगळ्या नंबरानं. कोनता गाना कोनत्या नाटकाचा ते ऐकू ऐकू लावून रायलो अजून.

टर्मिनल_बावा | ८ एप्रिल, रात्री ११.५२

अरेरे दादा. मिररनं भल्याभल्यांना रडवलं आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. रोबोकॉपीत स्लॅश एमआयआरच्या जागी स्लॅश ई वापरा, तो नव्या-बदललेल्या फाइलींची नक्कल करतो, पलीकडचं जास्तीचं पुसत नाही. आणि आधी स्लॅश एल लावून चालवा. काय काय करणार त्याची नुसती यादी दाखवतो, हात लावत नाही. स्लॅश आर २ आणि स्लॅश डब्ल्यू ५ पण टाका, कारण न सांगितलं तर तो अडलेल्या एका फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून, प्रयत्न करत बसतो. हा आकडा खरा आहे, मी गंमत करत नाही.

काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर फ्रीफाइलसिंक घ्या. डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे डिस्क, आधी तुलना, मग नक्कल. 'अपडेट' पद्धत निवडा, मिरर नको.

विंडोजच्या पोटात फाइल हिस्ट्री आहे, विंडोज आठपासून. ती दर तासाला बदललेल्या फाइलींची आवृत्ती ठेवते. हिशेबाच्या एक्सेलसाठी उत्तम. समजा मंगळवारी चुकून तुरीचा रकाना उडाला आणि शनिवारी लक्षात आलं, तर सोमवारची फाइल काढता येते. नुसत्या कॉपीत चुकीची फाइल बरोबरवर बसलेली असते. फक्त ती डी वरचं आपोआप घेत नाही, फोल्डर लायब्ररीत घालावं लागतं.

धुऱ्यावरचा | १० एप्रिल, सकाळी ९.२०

फोटोही निघाले. 'फोटो २०१९' मधले साठ-सत्तर सोडून द्यावे लागले, पोळ्याचे आणि बहिणीकडच्या वास्तूचे. बहिणीला विचारलं, तिच्या मोबाइलमध्ये वास्तूचे आहेत. पोळ्याच्या बैलजोडीतला एक बैल आता नाही, त्याचा एक तरी निघावा असं वाटत होतं. असो.

पडलेली डिस्क मेली समजतो. आता नवी घ्यायची आहे. ऑनलाइन दोन टीबीचा पेनड्राइव्ह साडेचारशेला दिसतोय, तो?

सेतूवाला | १० एप्रिल, सकाळी ९.३१

नका! अजिबात नका! आत ३२ जीबीची चिप असते, तिला खोटं सांगायला शिकवलेलं असतं. विंडोज दोन टीबी दाखवतं, ३२ भरेपर्यंत सगळं ठीक, मग नव्या फाइली जुन्यावर बसतात. नावं दिसतात, उघडत नाहीत. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन पूर्ण भरून वाचून पाहतं आणि खरा आकार सांगतं.

आणि पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे लावून आणला की फोल्डरचे शॉर्टकट होतात, ते तर आपल्या सगळ्यांना माहीत आहेच. बॅकअपची डिस्क परक्या मशीनला लावायचीच नाही. प्रिंटसाठी वेगळा फुटका पेनड्राइव्ह ठेवा.

कॅमेरावाला_दर्यापूर | १० एप्रिल, दुपारी १२.१०

साधी एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, माहितीच्या दुकानातून, बिलासह. ९३१ जीबी दाखवेल, दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. एसएसडी (चकतीऐवजी चिप असलेली डिस्क) पडली तरी तगते, पण वर्षानुवर्षं वीज न लावता कपाटात ठेवायला तिचा भरवसा कमी, त्यातही आपल्या उन्हाळ्यात. फिरवाफिरवीसाठी एसएसडी, ठेवणीसाठी हार्ड डिस्क असं माझं मत.

फॉरमॅट (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) एनटीएफएस. एफएटी३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मॅकवाला कुणी घरात असेल तरच एक्सएफएटी, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सएफएटीला मधात वायर निघालेली सोसत नाही.

लॅपटॉपचं निळं तोंड शोधा, ते यूएसबी ३. काळ्यात लावली तर सेकंदाला तीसेक एमबी, निळ्यात शंभराच्या आसपास. आणि काढताना इजेक्ट करूनच काढा. वासरू सुटलं तरी!

संत्रीबाग | १० एप्रिल, दुपारी १२.४५

कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, हेही लिहा कुणीतरी. आमच्या पाहुण्याच्या कृषी केंद्रात खंडणीवाला व्हायरस आला, सगळ्या फाइलींना कुलूप. डिस्क चोवीस तास लावलेलीच होती, तीही कुलूपबंद झाली. वीज पडते तेव्हाही तेच, लावलेलं असतं तेवढं जातं.

धुऱ्यावरचा | १९ एप्रिल, रात्री ९.१५

दोन घेतल्या. हो, दोन. बायको म्हणाली, कापसाचं बेणं तू कधी एकाच पिशवीत ठेवतो का?

एक घरी लोखंडी कपाटात, एक बहिणीकडे दिग्रसला. दिवाळी आणि राखीला अदलाबदल होईल. दसऱ्याला वखर-डवरे पुसतो, तेव्हा घरची डिस्क लावून दहा फाइली उघडून पाहायच्या, असं पोरीनं कॅलेंडरवर लिहून टाकलं आहे. डिस्कवर मार्करनं 'कॉपी. कट नाही.' असंही तिनंच लिहिलं.

पिक्चर घेतले नाहीत. हिशेब, भजनं आणि खरेदीखतं गूगलवरही टाकली, टाकीवर बसून, पावणेदोन तास. खाली बायका विचारत होत्या, भाऊ वर काय करून रायले.

मास्तरीणबाई | १९ एप्रिल, रात्री ९.४०

छान झालं. उघडून पाहिलंत का सगळं? दसऱ्याची वाट पाहू नका, पहिली तपासणी आत्ताच करा. आणि ज्या लॅपटॉपवरून घेतलं त्यावर नको, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर.

धुऱ्यावरचा | २१ एप्रिल, रात्री १०.३०

ताई, बरं झालं बोललात. काल चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर बाराच्या बारा कॅसेटी ऐकायला बसलो. आकार बरोबर, नावं बरोबर, सुरू होतात. पण नववी कॅसेट मधात खरखरते आणि पुढं जातच नाही. तिसरी अकराव्या मिनिटाला थांबते, बाबा ध्रुवपद घेऊन कोरसवाल्यांना 'हं, आता सगळे' म्हणतात आणि गप्प. पडलेल्या डिस्कवरून अडकत अडकत आली होती त्याच या दोन.

नववी मिळाली. २०१६ मध्ये मी मामांना एक सीडी करून दिली होती, विसरूनच गेलो होतो. त्यांच्या देव्हाऱ्यामागं होती, वरती हळदीची बोटं. सीडी घेणारा ड्राइव्ह गावात फक्त झेरॉक्सवाल्याकडे निघाला. (सेतूवाले, डिस्क लावली नाही, फुटका पेनड्राइव्ह नेला होता.)

तिसरी त्या सीडीत नाही. तेव्हाच्या भजन मंडळातले एक काका सध्या मुलाकडे पुसदला असतात, त्यांनाही एक सीडी दिल्याचं मामा म्हणतात. रविवारी जातो.

झाडीचा_मानूस | २१ एप्रिल, रात्री ११.५०

भाऊ, ते अकरा मिनिट तरी मले पाठवा जी. खरखर असन तं साफ करून देतो. न् मूळ फाइल तशीच ठेवजा, मी कॉपीवरच काम करतो.